गप्प बसण्याचे तारे

१६ जून २०२५, सोमवार

आजपासून मी दुसरीच्या वर्गाची शिक्षिका आहे. हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हणून झालंय की कागदावर ते दुसऱ्याच कुणाचं वाटतंय.

सकाळी ताडकळसच्या स्टँडवर बाबा सोबत होते. परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला ते रोजच जातात, पण आज इस्त्रीचा सदरा होता. एसटीत चढताच कंडक्टरला म्हणाले, "जरा जागा करा मालक. म्याडम हायत, मिशनच्या शाळंतल्या." कंडक्टर मला कॉलेजपासून ओळखतो. म्हणाला, "परवापर्यंत पास घरी विसरायची, आज म्याडम झाली व्हय?" सगळी गाडी हसली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबांनी दारावर खडूनं लिहून ठेवलंय, सुकेशनी पंडित खिल्लारे, बी.ए., डी.एड. आई म्हणाली, "पुसून जाईल की वो." बाबा म्हणाले, "पुसलं की परत लिहीन."

शाळा परभणीच्या कडेला, चर्चच्या आवारात आहे. मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन वसईकडच्या. मोजकं बोलतात. "वर्ग तुझा आहे," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली दिली.

वर्ग माझा, पण आवाज मुलांचा! राजेश्री नावाची एक मुलगी तर बाकावर उभी राहून शेवटच्या रांगेतल्या मुलाशी बोलत होती. तिचा आवाज ऐकून पहिलीच्या मंजुषा मॅडम शेजारच्या खोलीतून बघायला आल्या. "भोंगा बसवलाय का वर्गात?" म्हणाल्या. मला ते लागलं. मिशनच्या शाळेची शिस्त बघून लोक लेकरं पाठवतात. माझ्याच वर्गात ती नसावी?

१९ जून

उपाय सापडला. भिंतीवर मोठा तक्ता लावला. डावीकडे मुलांची नावं, वर ठळक अक्षरांत "शांत मूल". दिवसभरात ज्याच्या तोंडून एक शब्द निघणार नाही, त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. तारे पदरचे पैसे घालून आणले, चिकटणारे, चमकणारे.

मुलं हरखून गेली. हजेरी घेताना राजेश्री ओरडली, "हजर म्याडम!" खिडकीतली कबुतरं उडाली. मी म्हणाले, "गेला तुझा तारा." तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरत नव्हतं.

प्रार्थनेच्या वेळी मी अजून नुसते ओठ हलवते. आईनं कालच विचारलं, "तिकडं तुला त्यांची प्रार्थना म्हणावी लागती का?" मी म्हणाले, लागते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आपली बुद्धवंदना बी लेकरांच्या भल्यासाठीच हाय. म्हण तू." आईला शाळा माहीत नाही, पण असं काही बोलून जाते की मला गप्प बसवते.

२७ जून

राजेश्रीला पहिला तारा! मी तिला पुढे बोलावलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाले, "बघा, सुधारायचं ठरवलं की माणूस कसं सुधारतं. सगळ्यांनी राजेश्रीसारखं व्हायचं." तिनं ताऱ्यावर हळूच बोट ठेवून पाहिलं. एवढा अभिमान मी लहान मुलाच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. आणि तो माझ्यामुळे होता.

१५ जुलै

राजेश्री आता हजेरीला तोंड उघडत नाही, नुसता हात वर करते. मला ते इतकं आवडलं की सगळ्या वर्गाला तीच सवय लावली. मी नावं घेते, हात वर जातात, पाखरांच्या पंखांसारखे. आज केंद्रप्रमुख आले होते. दारात थांबून म्हणाले, "मॅडम, वर्गात मुलं आहेत की नाहीत?" आणि तक्त्याचा फोटो काढून नेला. मंजुषा मॅडमना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा वर्ग म्हणजे बाई वाचनालयच. माझ्या पहिलीत मात्र भाजीमंडई." मी विनयानं हसले. आतून फुलून गेले होते.

शाळा सुटली तर फाटकापाशी बाबा. मोंढ्यातला मालाचा टेम्पो इकडून चालला होता, म्हणून उतरलो म्हणाले. हल्ली इकडून बरेच टेम्पो जातात वाटतं, गेल्या आठवड्यातही आले होते.

बसमध्ये म्हणाले, "उभा राहून ऐकायलो होतो. तुझा वर्ग कोणता त्ये काय कळंना. सगळीकडून पोरांचा गलका यायलाय, एक खोली तेवढी लय गप."

"तोच माझा वर्ग, बाबा!"

"असं व्हय," म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. थकले असतील.

८ ऑगस्ट

आज एक गोष्ट खटकली. एकेकाला उभं करून वाचून घेत होते. राजेश्रीची पाळी आली. उभी राहिली, बोट ओळीवर ठेवलं, बोट बरोबर सरकत होतं, ओठ मात्र घट्ट. मी समजावलं, रागावले, गोंजारलं. बोट पानाच्या शेवटापर्यंत गेलं, थांबलं आणि ती खाली बसली. विचार केला तर महिनाभरात तिचा आवाज मी ऐकलेलाच नाही.

तिची वही स्वच्छ आहे, गणितं बरोबर असतात. मंजुषा मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "पहिलीत माझ्याकडं होती तेव्हा हिला गप करता करता माझा घसा बसायचा. तू काय जादू केलीस?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "डिसेंबरची तोंडी माहीत आहे ना?"

माहीत आहे. नाताळच्या आधी दुसरीतलं प्रत्येक मूल सिस्टरांसमोर मोठ्यानं वाचतं. ज्याला येत नाही त्याला जानेवारीपासून पुन्हा पहिलीत बसवतात. लिहिलेलं शेजाऱ्याचं बघूनही उतरवता येतं, म्हणून सिस्टर फक्त कानावर विश्वास ठेवतात.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. टेबलावर गुलाबांचा ढीग झाला. राजेश्रीनं मात्र लसणाची एक मोठी गड्डी आणली, रिबन बांधून. मुलं खिदळली, तरी ती ताठ उभी होती. मी "कुणी दिली गं?" विचारलं. उत्तर नाही. तिला बोलतं करायला मी चित्रांची कार्डं केली, खेळण्यातला फोन आणला, बाहुलीकडून प्रश्न विचारून पाहिले. ती सगळं मन लावून बघते. मोठे डोळे करून माझ्याकडे असं बघते, जणू मीच काहीतरी विसरले आहे.

सिस्टर आज मागच्या बाकावर तास संपेपर्यंत बसल्या. जाताना तक्त्यासमोर थांबल्या. राजेश्रीच्या नावापुढे ताऱ्यांना जागा पुरेना म्हणून मी कागद जोडलाय. त्या म्हणाल्या, "सुंदर केलाय. किती दिवस ठेवणार आहेस?"

मी म्हणाले, "वर्षभर, सिस्टर!"

"हं," म्हणाल्या. त्यांना आवडलेला दिसतो.

२० सप्टेंबर

राजेश्रीचे वडील महारुद्र आले होते. मालवाहू रिक्षा चालवतात. मी तोंडी परीक्षेचं सांगितलं. ते उभ्याउभ्याच ऐकत होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"घरी तर तोंडाला टाका न्हाई तिच्या म्याडम. कान किटत्यात आमचे."

"मग शाळेत का बोलत नाही?"

"त्ये तुमाला ठावं. शाळा तुमची."

मग म्हणाले, "बगा म्याडम, पहिलीतून वर आलेलं लेकरू पुन्हा पहिलीत बसवलं तर गल्लीत हसत्यात. मी न्हाई बसू देणार. आजीसंगं बाजाराला जाईल. लसूण-मिरची विकती म्हातारी, हिला हिशोब येतोच."

मी म्हणाले, "तुमची मुलगी पहिलीत जाणार नाही. मी शब्द देते."

ते मान हलवून गेले. शब्द देताना माझा आवाज ठाम होता. आता लिहिताना वाटतंय, मी कशाच्या जोरावर दिला?

२५ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. आज ताडकळसचा बाजार. आईसोबत गेले होते. मिरचीच्या ओळीत शिरले तोच कानावर आवाज आला, बाजाराच्या सगळ्या गोंगाटावरून उडी मारून येणारा. "या मावशी, या आत्या! गावरान लसूण! वास घ्या, मग पैसे द्या! न्हाई आवडला तर मपल्या आजीला परत द्या!"

लोक हसत होते, थांबत होते, घेत होते. पोत्यावर उभी राहून, एक हात कानामागे धरून कोण ओरडत होतं? राजेश्री!

मी गर्दीतून पुढे सरकले. मग तिचं लक्ष गेलं. वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिनं तोंड मिटलं आणि हात वर केला, हजेरीला करते तसा.

तिची आजी धुरपताबाई लगबगीनं उठली. "अगं माय, म्याडम! बसा बसा, या पोत्यावर बसा. लय नाव काढती पोरगी तुमचं. रोज घरी येऊन सांगती, आज बी तारा भेटला. आमच्या घरात कुणाला कशाचा तारा भेटला न्हाई बघा आजपर्यंत. म्या तर शेजारणीला सांगून सांगून बेजार केलं."

मला भरून आलं. बिचाऱ्या आजीला वाटतं, तारे अभ्यासाचे आहेत. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

परत येताना आई म्हणाली, "लेकरू तर पोपटावाणी बोलायलं होतं. तुला बघून गप झालं."

"घाबरली असेल."

"घाबरलेलं लेकरू असं उभं ऱ्हातं व्हय? फौजदारावाणी उभी होती." आईला मुलांचं मानसशास्त्र काय माहीत, म्हणून मी वाद घातला नाही.

१० नोव्हेंबर

शाळा सुरू. मला वाटलं होतं, बाजारातली भेट कामी येईल. मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन म्हणाले, "मी ऐकलंय तुझा आवाज. किती छान आहे! इथेही बोल ना." तिनं मान हलवली आणि बोटानं भिंतीकडे दाखवलं. तिथं तक्ता, त्याच्याशेजारी फळ्यावरचा सुविचार आणि खिडकी. बहुतेक तिला खेळायला बाहेर जायचं होतं. मी जाऊ दिलं.

४ डिसेंबर

तोंडी परीक्षा अठराला. आज सगळ्या वर्गाची तयारी घेतली. राजेश्रीचं बोट ओळीवरून धावतं, ओठ नाही. मी चिडून पुस्तक मिटलं. पूर्ण वर्गासमोर म्हणाले, "तुझ्यामुळे माझी मान खाली जाणार आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कसंसं झालं. रडली नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तारा घ्यायला पुढे आली आणि मी दिला, कारण दिवसभर ती एक शब्दही बोलली नव्हती. नियम तो नियम.

बसमध्ये बाबांनी विचारलं, "काय झालं बाई?" मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मला शिकवायचं काय कळत न्हाई. पर आमच्याकडं नवीन पोरगा आला आन् पोतं उचलंना, तर आमी आधी त्याच्या कमरंचा पट्टा बगतो. कुणीतरी आधीच लय आवळून बांधून दिलेला असतो." मी म्हणाले, "बाबा, मूल म्हणजे पोतं नाही." ते हसले. "न्हाई, न्हाई. बरोबर हाय तुझं."

१६ डिसेंबर

नाताळची सजावट. प्रत्येक वर्गानं दारावर एक मोठा तारा लावायचा असतो. आमचा पुठ्ठ्याचा तारा तयार होता, पण चमकीचा कागद संपला. बाजारात जायला वेळ नव्हता. मग एक सुंदर कल्पना सुचली! शाळा सुटल्यावर तक्त्यावरचे सोनेरी तारे एक एक करून सोडवले आणि मोठ्या ताऱ्यावर चिकटवले. सगळ्यांचे तारे एका ताऱ्यात. असा अर्थपूर्ण तारा दुसऱ्या कुठल्याच वर्गाचा नसेल. सर्वांत जास्त तारे अर्थात राजेश्रीच्या ओळीतले निघाले. दारावर तो असा झळकतोय की मंजुषा मॅडमनी फोटो काढला. उद्या मुलं बघतील तेव्हा काय म्हणतील!

१७ डिसेंबर

मुलं काय म्हणतील, असं काल लिहिलं होतं. ते आता लिहिते.

राजेश्री वर्गात आली, दारावरच्या ताऱ्याकडे न बघता सरळ तक्त्यापाशी गेली. तिच्या नावापुढे नुसते डिंकाचे डाग होते. ती उभी राहिली. मग मागे वळली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा या वर्गात तिचा आवाज फुटला.

"मपले तारे कुणी काढले?"

खिडकीतली कबुतरं उडाली.

मी म्हणाले, "अगं, दारावर—"

"म्या एक शब्द बोलले न्हाई! नागेशनं पेन्सिल टोचली तरी न्हाई! डबा सांडला, सगळे हसले, तरी न्हाई! तुमी बाहुलीतून बोलल्या तवा मला लय हसू येत होतं, म्या गाल आतून चावून धरला! तुमी म्हणल्या मान खाली जाईल, तरी बोलले न्हाई! मला सांगायचं होतं लसूण आजीनं दिलाय, तुमच्यासाठी मोठी गड्डी निवडून, तरी न्हाई! आन् तुमी मपले तारे काढले?"

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण बोललो. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आता मात्र डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. ती भित्री नव्हती. मंद नव्हती. सात वर्षांची पोर, जिचा आवाज बाजार थांबवतो, तिनं तो आवाज माझ्या शब्दाखातर गिळून धरला होता, माझ्याच विनवण्यांपुढेही. एवढी जिद्द मी कुणात पाहिली नाही. बी.ए. करताना माझ्यातही नव्हती.

मी तिला उचलून दारापाशी नेलं. म्हणाले, "हे बघ, हे सगळे तुझे. एकही गेला नाही. आता कधीच कुणी काढणार नाही. बोललीस तरी."

तिनं बोटांच्या फटीतून विचारलं, "बोलले तरी?"

"बोललीस तरी. उद्या सिस्टरांसमोर वाचायचं."

"हळू का मोठ्यानं?"

"तुला येतं तसं."

तिनं हात खाली घेतले. "बाजारावाणी?"

"बाजारावाणी."

रिकामा तक्ता मी काढून ठेवला. हजेरी पुन्हा घेतली, तोंडानं. पहिल्यांदा कुणाला जमेना. सवयीनं हातच वर जात होते. मग एकेक "हजर" निघू लागलं, बारीक, गंजलेलं, मोठं. धड्यातल्या ओळी सोडल्या तर मला माझ्या मुलांचे आवाज माहीतच नव्हते. नागेश वाचताना अडखळतो ते सराव नाही म्हणून, असं मी समजत होते; तो तोतरा बोलतो. मला डिसेंबरात कळलं.

१८ डिसेंबर

सिस्टर चष्मा पुसत येऊन बसल्या. सगळी मुलं एकामागून एक वाचून गेली. बरी, अडखळत, काही छान. राजेश्रीचं नाव आलं. दारात महारुद्र उभे होते, रिक्षा रस्त्यात लावून आले असणार, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

तिनं पुस्तक डाव्या हातात घेतलं, उजवा हात कानामागे ठेवला. एकदा दारावरच्या ताऱ्याकडे पाहिलं. आणि सुरू झाली.

"मुंग्या निघाल्या रांगेनं! कुठं निघाल्या? साखरेच्या डब्याकडं!"

प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर लांब खेचून, वर उचलून, गिऱ्हाईक पलीकडच्या ओळीत असल्यासारखं. पहिलीची मुलं खिडकीला लटकली. चौथीचे गुरुजी खडू हातात घेऊन बाहेर आले. मंजुषा मॅडम म्हणाल्या, "आला बाई भोंगा परत!" आणि डोळे पुसत होत्या. एकही शब्द चुकला नाही. पाठ संपला तशी ती सवयीनं म्हणाली, "घ्या, संपला माल!"

महारुद्र मोठ्यानं हसले आणि पटकन तोंडावर हात ठेवला. अगदी लेकीसारखा.

सिस्टरांनी चष्मा लावला. "आणखी एक पान वाच," म्हणाल्या. ते झाल्यावर, "आणखी एक." मग वहीत काहीतरी लिहिलं आणि राजेश्रीला म्हणाल्या, "दुसरीतच बसायचं. आणि उद्यापासून परिपाठात बातम्या तू वाचायच्या. फाटकापर्यंत ऐकू गेल्या पाहिजेत."

जाताना माझ्याजवळ थांबल्या. "सुकेशनी, आज तुझ्या वर्गात फार आवाज होता."

सवयीनं तोंडून निघालं, "सॉरी, सिस्टर."

"सॉरी कशाला? मी जूनपासून वाट बघत होते." त्या गेल्या. कशाची वाट, ते विचारायचं राहिलं. तोंडी परीक्षेचीच असणार.

शाळा सुटली. राजेश्री माझा हात धरून फाटकापर्यंत आली, वाटभर बोलत. आजीचा लसूण, रिक्षाचा हॉर्न, नागेशला आता कसं बघून घेते ते, सगळं. सहा महिन्यांचं साठलेलं. मला एकही शब्द मधे घालता आला नाही.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. इस्त्रीचा सदरा.

"आज पण टेम्पो इकडून आला का?" मी विचारलं.

"न्हाई," बाबा म्हणाले. "आज चालत आलो. मोंढ्यातून लवकर निघालो, कवाचा हितं उभा ऱ्हाऊन ऐकायलोय." त्यांनी राजेश्रीच्या डोक्यावर हात ठेवला, मग मागे वळून आमच्या वर्गाच्या दाराकडे पाहिलं, जिथं तारा उन्हात चमकत होता.

"आज कळला बग बाई," म्हणाले, "तुझा वर्ग कोणता त्यो."